ऑफर हातात नसताना पेपर टाकू का?

"ताई, मी मूळची बार्शीची. चार वर्षांपासून पुण्यात एका मोठ्या आयटी सर्व्हिस कंपनीत आहे. जावा आणि स्प्रिंग बूटवर काम करते, पगार ६.२ लाख. फेब्रुवारीपासून बाहेर शोधतेय, अकरा ठिकाणी मुलाखती दिल्या. रोज रिक्रूटरचे तीन-चार फोन येतात. पहिला प्रश्न, नोटीस पिरियड किती, म्हणजे राजीनामा दिल्यावर किती दिवसांनी सुटशील? नव्वद दिवस म्हटलं की 'कळवतो' म्हणतात आणि संपलं. बाणेरच्या एका कंपनीत सात राउंड झाले. एचआरने फोनवर 'बारा लाख, अभिनंदन' असंही सांगितलं. त्याला पाच आठवडे झाले, आता मेलला उत्तर नाही, फोन उचलत नाहीत. एका कन्सल्टन्सीतला मुलगा म्हणतो, अनुभव चारचा साडेपाच करून दे, लगेच लावतो. रूममेट म्हणते सरळ पेपर टाक, राजीनामा दे, नोटीसवर आहेस म्हटल्यावर फोनच फोन येतील. राजीनाम्याचा मेल लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ११,४०० रुपये, धाकट्या भावाची फी मीच भरते. मुलाखतीत इंग्रजी अडखळतं आणि घरी आल्यावर तीच उत्तरं धडाधड सुचतात. माझ्यात नेमकं काय कमी आहे?"
– स., वाकड

प्रिय स.,

पेपर टाकू नकोस. निदान आत्ता तरी नाही, आणि रूममेट म्हणते म्हणून तर मुळीच नाही. ज्यांनी सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवलाय आणि ज्यांच्या पगाराकडे घरी कुणी डोळे लावून बसलेलं नाही, त्यांचा हिशेब वेगळा. ज्यांची त्या नोकरीपायी तब्येतच ढासळत चाललीय, त्यांचाही वेगळा. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही. तू कावलीयस, आणि ते रास्तच आहे. पण महिन्याच्या पाच तारखेला बँक हप्ता कापते तेव्हा तू कावलीयस की नाही हे ती विचारत नाही.

तुझा खरा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे, तेव्हा आधी तोच घेऊ. त्यासाठी तुला एक जुनी गोष्ट सांगते. तीत माझी शोभा आहे, तरी सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये सहा जागा भरायच्या होत्या आणि माणसं मिळेनात. वैतागून मी दोन दिवस आमच्या रिक्रूटरशेजारी खुर्ची टाकून बसले. पंचवीसेक वर्षांची मुलगी, कानात हेडफोन, समोर एक्सेल उघडलेलं. रकाने असे: नाव, एकूण अनुभव, कामाचा अनुभव, सध्याचा सीटीसी (म्हणजे कंपनीला पडणारा वर्षाचा एकूण पगार), अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, लोकेशन आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तेच चार शब्द आलटून पालटून. आरएनआर, म्हणजे रिंग गेली पण उचलला नाही. होल्ड. हाय नोटीस. ड्रॉप. दिवसाला साठ-सत्तर फोन करायची ती. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिला दुपारी डबा खाताना सांगितलं, आणि तिने ते लगेच डायरीत लिहून घेतलं. बिचारीला कुणी सांगितलंच नव्हतं.

तेवढ्यात एका मुलाचा फोन आला. "मॅडम, माझा फायनल राउंड झाला होता, पुढे काय झालं?" तिने फोन म्यूट केला, एक्सेल वरखाली केलं. तीन आठवड्यांपूर्वीची ओळ, शेरा होल्ड. "होल्ड का, ते मला माहीत नाही," ती म्हणाली. मला मात्र माहीत होतं. त्या जागेचं बजेट मीच दुसऱ्या कामाकडे वळवलं होतं आणि तिला कळवायचं विसरले होते. तो पोरगा तीन आठवडे स्वतःची कुठली कुठली उत्तरं आठवत बसला असेल कोण जाणे. मुलाखत त्याने उत्तम दिली होती, मीच घेतली होती.

तुझ्या अकरांपैकी असे होल्ड किती असतील ते मी सांगू शकत नाही. पण नकार न देता नुसतं गप्प बसण्यामागे काय काय असतं ते सांगते. जागा गोठवलेली असते. आतल्याच कुणाला तरी ती द्यायची ठरलेली असते आणि नियम म्हणून बाहेरचे दोन-तीन बघायचे असतात. सर्व्हिस कंपनी असेल तर क्लायंटने प्रोजेक्टवर सही केलेली नसते, पण "आमच्याकडे माणसं तयार आहेत" हे दाखवायला प्रोफाईल लागतात, म्हणून मुलाखती उरकलेल्या असतात. मॅनेजर बदललेला असतो. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तू दुसऱ्या नंबरवर असतेस. पहिल्या नंबरच्याने ऑफर घेतलीय, त्याचाही नोटीस पिरियड चाललाय, तो खरंच रुजू होईपर्यंत तुला नाहीही म्हणायचं नाही आणि होही. तुझ्या बाणेरच्या कंपनीत हेच झालं असावं असा माझा अंदाज आहे. तोंडी आकडा सांगून मग पाच आठवडे गप्प बसायचं, हा त्याचाच नमुना.

आता ते नव्वद दिवस.

नोकरीच्या साइटवर रिक्रूटर उमेदवार शोधतो तेव्हा नोटीस पिरियडची चाळणी असते: पंधरा दिवस किंवा कमी, एक महिना, दोन महिने, तीन महिने, आणि वेगळा पर्याय, सध्या नोटीसवर. रिक्रूटरने पहिल्या दोन खुणा केल्या की तुझं नाव यादीतच येत नाही. तुझा रेझ्युमे कुणी वाचून बाजूला ठेवला असं नाही, तो कुणाच्या डोळ्यांपुढे आलाच नाही. रूममेटचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. नोटीसवर गेलीस तर फोन वाढतील.

पण हे असं का झालं बघ. तीन महिन्यांची नोटीस कंपन्यांनी आपली माणसं लगेच पळू नयेत म्हणून लावली. झालं उलटंच. एक ऑफर हातात घेऊन माणूस तीन महिने मोकळा, त्या काळात तो आणखी दोन ऑफर गोळा करतो आणि शेवटच्या आठवड्यात सगळ्यात मोठ्या आकड्याकडे जातो. २०२१-२२ मध्ये तर याचा नुसता धुमाकूळ होता. जून २०२२ च्या तिमाहीत इन्फोसिससारख्या कंपनीत गळतीचं प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेलं होतं. ज्यांच्यासाठी लॅपटॉप तयार ठेवला ते सोमवारी उगवायचेच नाहीत. मीही दोनदा अशी रिकामी खुर्ची बघितलीय. त्यातून कंपन्यांनी धडा घेतला तो असा: लगेच येणाराच माणूस घ्या, आणि एका जागेला दोन माणसं टांगून ठेवा. म्हणजे नव्वद दिवसांचा नियम त्यांनीच केला, आणि त्याची भीतीही त्यांनाच. भुर्दंड तुला.

तर यात तुला काय करता येईल? पहिलं म्हणजे तुझं नेमणूक पत्र काढून वाच. रुजू होताना सगळ्यांनी सही केलेली असते आणि कुणीच वाचलेलं नसतं. त्यात नोटीसऐवजी पैसे भरून लवकर सुटायची सोय आहे का बघ. असेल तर पैसे बेसिकवर, म्हणजे मूळ पगारावर मोजतात की एकूण पगारावर, आणि ते कंपनीच्या मर्जीवर आहे की तुझ्या हक्काचं, हेही बघ. समजा तुझा बेसिक २०,००० आहे आणि हिशेब बेसिकवर आहे, तर तीस दिवस विकत घ्यायला वीस हजार लागतील. बऱ्याच नव्या कंपन्या हे पैसे स्वतः देतात, फक्त विचारावं लागतं. नुकतेच गेलेले दोन-तीन सहकारी गाठ आणि त्यांना प्रत्यक्षात किती दिवसांत सोडलं ते विचार. कागदावर नव्वद असलं तरी प्रोजेक्ट बघून साठात सोडणाऱ्या कंपन्या आहेत. तुझ्याकडे तसं असेल तर पुढच्या फोनवर नुसतं "नव्वद दिवस" म्हणून थांबू नकोस. "करारात नव्वद आहेत, साठपर्यंत येतात, तीस दिवसांचे पैसे भरायची तयारी आहे," हे एका दमात सांग. समोरची मुलगी रकान्यात काय लिहील ते तुझ्या या वाक्यावर ठरतं. आणि मोठ्या परदेशी कंपन्यांची जी इथली केंद्रं आहेत, खराडीत, बाणेर-बालेवाडीत, हिंजवडीत, त्यांतली बरीच नव्वद दिवस थांबतात. तिथे थेट अर्ज कर, जमलं तर ओळखीच्या कुणाकडून तरी रेफरल घे. रेफरलने आलेल्या रेझ्युमेला त्या चाळणीतून जावं लागत नाही.

नोटीसवर नसताना साइटवर "नोटीसवर आहे" अशी खूण मात्र करू नकोस. शेवटचा दिवस कुठला, राजीनामा स्वीकारल्याचा मेल दाखवा, हे पुढच्याच फोनवर विचारतात.

त्या साडेपाच वर्षंवाल्या मुलाचं काय करायचं? त्याला आधी ओळखून घे. कन्सल्टन्सीला पैसे कंपनी देते, सहसा तुझ्या वार्षिक पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे बरोबर एक महिन्याचा पगार. तू बारा लाखांवर लागलीस तर त्यांना लाखभर. तू रुजू होऊन साधारण तीन महिने टिकलीस की त्यांचं काम झालं, त्यानंतर तुझी पडताळणी फसली काय न फसली काय. आणि ती फसतेच. तुझ्या पीएफच्या यूएएन क्रमांकावर प्रत्येक कंपनीत कधी लागलीस आणि कधी सोडलीस याच्या तारखा असतात. पडताळणी करणारी संस्था पहिल्यांदा तेच बघते. वाढवलेलं दीड वर्ष तिथे सापडत नाही आणि रुजू झाल्यावर दोन महिन्यांनी माणसाला बोलावून लॅपटॉप ठेवून जायला सांगतात. मी हे होताना बघितलंय. त्या मुलाचा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही, आणि त्याला ते करायला सांगणाऱ्याने तोवर फोन नंबर बदललेला होता.

कन्सल्टन्सीवाले सगळेच असे नसतात. माझ्या दोन चांगल्या नोकऱ्या अशाच एका बाईंमुळे मिळाल्या, आजही दिवाळीला त्यांचा फोन येतो. फक्त कुणालाही "पाठव माझा रेझ्युमे" असं मोघम म्हणू नकोस. कुठल्या कंपनीत, कुठल्या जागेसाठी, हे आधी विचार आणि मेलवर होकार दे. एकाच कंपनीकडे दोन कन्सल्टन्सींकडून तुझं नाव गेलं तर फी कुणाची यावरून त्यांची भांडणं होतात, आणि भांडण नको म्हणून कंपनी उमेदवारच बाजूला ठेवते. तुझ्या अकरांत तेही झालेलं असू शकतं. पैसे मागणारा तर कन्सल्टन्सीवाला नसतोच. लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगची फी, पडताळणीचा खर्च, काहीही नाव सांगो, फोन ठेव. पैसे गेलेच असतील तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर.

आता मुलाखत. इथे मात्र तुझ्याकडे काम आहे, आणि ते इंग्रजीचं नाही.

गेल्या वर्षी लातूरकडचा एक मुलगा माझ्यासमोर होता, म्हणजे स्क्रीनवर. पाच वर्षं अनुभव. मी म्हटलं, केलेल्या कामातलं एखादं अवघड काम सांग. तो म्हणाला, आम्ही बिलिंगचं मॉड्यूल केलं. महिनाअखेरचं काम फार वेळ घ्यायचं, आम्ही ते कमी केलं. आम्ही क्लायंटशी बोललो. आम्ही टेस्टिंग केलं. मी वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढत होते, तेरा वेळा 'आम्ही' झालं. माझ्यासोबत बसलेल्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टने तोपर्यंत मनात फुली मारली होती, मला दिसत होतं. शेवटी मी मराठीत विचारलं, "अरे, रात्री दोनला फोन आला तेव्हा उठलं कोण?"

"मी."

"मग काय केलंस?"

आणि मग तो जो बोलायला लागला! कामाला सहा तास लागायचे. त्याने लॉग काढून बघितले. दर बिलामागे प्रोग्रॅम ग्राहकाची माहिती आणायला एकदा डेटाबेसकडे जात होता. चाळीस हजार बिलं, चाळीस हजार खेपा. त्याने सगळी माहिती हजार-हजारच्या गठ्ठ्याने आणायला लावली, एक इंडेक्स टाकला, आणि सहा तासांचं काम चाळीस मिनिटांवर आलं. मॅनेजर इंडेक्सला नको म्हणत होता, याने चाचणीच्या डेटाबेसवर आधी करून दाखवलं. हे सगळं तो मराठीत बोलला, मधे 'क्वेरी' आणि 'बॅच' तेवढे इंग्रजी. आर्किटेक्ट तमिळ होता. त्याला मी चार वाक्यांत सांगितलं, तर तो म्हणाला, हे यानं आधी का सांगितलं नाही?

कारण आपल्याकडे 'मी मी' करणं वाईट दिसतं. लहानपणापासून तेच कानावर पडलेलं असतं. घरात, शाळेत, गणपती मंडळात, सगळीकडे 'आम्ही केलं' हेच शोभून दिसतं. मुलाखतीत मात्र समोरच्याला टीम घ्यायची नसते, एक माणूस घ्यायचा असतो. 'आम्ही' म्हटलंस की त्याला दिसतच नाही तू कुठे होतीस. तुझ्या पत्रातही बघ, चार वर्षं काय काम केलंस त्याबद्दल 'जावा आणि स्प्रिंग बूट' एवढेच शब्द आहेत. अकरा मुलाखतींतही एवढंच सांगितलं असशील का? असेल तर घरी आल्यावर सुचणारी धडाधड उत्तरं कुठे अडकतात ते कळतं.

एक वही घे. चार वर्षांतल्या पाच गोष्टी लिही, मराठीतच लिही. काय बिघडलं होतं, तुला कसं कळलं, तू काय केलंस, कोण नको म्हणालं, शेवटी आकडा किती बदलला. आकडा नसेल तर तसं लिही, बनवू नकोस. मग प्रत्येक गोष्ट मोठ्याने सांग, आधी मराठीत, मग इंग्रजीत, आणि मोबाईलवर रेकॉर्ड कर. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येईल, माझाही आला होता. तिसऱ्यांदा ऐकशील तेव्हा कुठल्या शब्दावर अडतेस ते कळेल. ते सहसा दहा-बाराच शब्द असतात, पूर्ण इंग्रजी भाषा नसते. अडलीस तर "एक मिनिट विचार करून सांगते" हे वाक्य इंग्रजीत पाठ ठेव आणि खरंच थांब. मुलाखत घेणाऱ्याला पाच सेकंदांच्या शांततेचं काही वाटत नाही, तो तेवढ्यात स्वतःचे मेल वाचून घेतो.

पत्राच्या ताजा कलमात तू लिहिलंयस की एकाने कॅमेरा बंद ठेवून विचारलं, पुण्यात पेट्रोल पंप किती? अशा प्रश्नांचा इतिहास असा, की मायक्रोसॉफ्ट, गूगल या कंपन्यांनी ती फॅशन काढली आणि गूगलने ती मोडलीही. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की असल्या कोड्यांवरून माणूस काम कसं करेल ते काहीच कळत नाही, फार तर विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. त्याच गूगलने स्वतःच्या मुलाखतींचा हिशेब काढला तेव्हा चार मुलाखतींनंतर निर्णयात फारशी भर पडत नाही असं दिसलं. तुझ्या बाणेरवाल्यांनी सात घेतल्या. राउंड जितके जास्त तितका आत कुणाला निर्णय घ्यायचा नसतो, असा माझा अनुभव. पेट्रोल पंपांचं उत्तर मात्र हसत हसत दे. लोकसंख्येपासून सुरुवात कर, दुचाक्या मोज, आकडा चुकला तर चुकू दे. आणि कॅमेरा बंद असेल तर "आपलाही सुरू करता का, बोलायला बरं पडेल," असं म्हणायला हरकत नाही. मी म्हणते. बहुतेक जण ओशाळून सुरू करतात.

राहता राहिले ते बारा लाख. आकडा तोंडी आलाय, पण लेखी आला तरी त्याचं पोट फाडून बघ. उदाहरण म्हणून मांडते. बारात १,२०,००० व्हेरिएबल असेल, जो मिळेलच असं नाही. एक लाख जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलंस तर परत द्यायचा. बेसिक चार लाख धरला तर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ४८,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी १९,२४०. विम्याचे १५,००० धर. हे सगळं वजा केलं की उरतात ८,९७,७६०, म्हणजे महिन्याला ७४,८१३. त्यातून तुझ्या वाट्याचा पीएफ ४,००० आणि आपल्या राज्याचा व्यवसाय कर २०० गेला की ७०,६०० च्या आसपास, प्राप्तिकराचा हिशेब वेगळा. "बारा लाख" ऐकून घरी फोनवर "महिना लाख" सांगू नकोस, एवढ्यासाठी लिहिलं. शिवाय "सध्याच्या पगारावर तीस टक्केच वाढ देतो" असं कुणी म्हटलं तर तो काही कायदा नाही, ती त्यांची सोय आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायलाच बंदी आहे. आपल्याकडे तशी नाही आणि पगाराच्या स्लिपाही मागतात, तेव्हा खरा आकडा सांग. पण लगेच पुढे सांग की या जागेसाठी तुझी अपेक्षा अमुक ते अमुक आहे. आधी त्यांनाच त्यांचं बजेट विचारता आलं तर फारच छान.

आणि लेखी म्हणजे काय तेही ऐक. 'लेटर ऑफ इंटेंट', म्हणजे तुला घ्यायचा विचार आहे एवढंच सांगणारं पत्र, ही ऑफर नव्हे. ऑफर लेटरवर पद, पगाराची फोड, रुजू व्हायची तारीख आणि सही हवी, मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून हवा. एवढं असूनही कपाळ फुटू शकतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांवर घेतलेल्या फ्रेशर्सना साडेतीन लाखांवर येता का असं विचारलं होतं. इन्फोसिसने २०२२ च्या बॅचला दिलेल्या ऑफर होत्या, त्यातले जवळजवळ दोन हजार जण दोन वर्षं तारखेची वाट बघत होते. पुण्याच्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केल्यावर ते प्रकरण गाजलं. मी स्वतः २००२ मध्ये हातात ऑफर लेटर घेऊन सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर नऊ महिने काढलेत. मेसवाल्या काकूंनी तीन महिने पैसे मागितले नाहीत, नाहीतर परत गावी गेले असते. सही-शिक्क्याच्या कागदाची ही गत असेल तर फोनवरच्या "अभिनंदन"वर कुणी पेपर टाकतं का?

बाणेरवाल्यांना एक शेवटचा मेल पाठव. एचआरला आणि ज्याने तांत्रिक मुलाखत घेतली त्या मॅनेजरला, दोघांनाही. चारच ओळी. अमुक तारखेला फोनवर बारा लाखांचं बोलणं झालं होतं, मला अजून या कामात रस आहे, लेखी ऑफर कधी अपेक्षित धरू, शुक्रवारपर्यंत कळलं नाही तर मी पुढची बोलणी सुरू ठेवते. रागाचा एकही शब्द नको, 'काइंडली डू द नीडफुल' तर त्याहून नको. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास पाठव, सोमवारी सगळेच मेलखाली गाडलेले असतात. शुक्रवारी उत्तर आलं नाही तर तुझ्या स्वतःच्या एक्सेलमध्ये त्या नावापुढे 'ड्रॉप' लिही. हो, तुझंही एक एक्सेल असू दे. कंपनी, कुणामार्फत, कुठली तारीख, काय विचारलं, कुठे अडले. अकरांपैकी किती ठिकाणी मुलाखत चुकली आणि किती ठिकाणी नुसती रिंग गेली, हे त्यात तुलाच दिसेल. ते मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे.

राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये आहे म्हणतेस. असू दे, लिहून बरं वाटलं असेल. फक्त वर मॅनेजरचा पत्ता टाकला असशील तर तेवढा आत्ता काढून टाक. बसमध्ये उभ्याने मोबाईल बघताना अंगठा कुठेही पडतो.

तुझी ताई